शेंगदाण्याची पेंड आणि मानवी आहार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शेंगदाण्याचे तेल काढल्यानंतर उरणारी पेंड आपल्याकडे परंपरेने जनावरांचे खाद्य व शेतीचे खत म्हणून वापरली जाते. वास्तविक तेलविरहित शेंगदाणा पिठात सुमारे ५० टक्के प्रथिने असतात. या उपपदार्थास मानवी आहारात स्थान देण्याच्या स्वातंत्र्योत्तर प्रयत्नांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

म्हैसूर येथील प्रयोग

१९५० मध्ये म्हैसूर येथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. संस्थापक संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या कारकिर्दीत कमी स्निग्धांशाचे शेंगदाणा पीठ व हरभऱ्याचे पीठ ७५:२५ या प्रमाणात एकत्र करून, त्यात जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार करण्यात आले. शेंगदाण्यातील लायसिनची उणीव हरभऱ्यामुळे काही अंशी भरून निघते. पुढे पेंडीतील प्रथिने विलग करून ती दुधात मिसळण्यात आली व ‘मिल्टोन’ हे पेय सिद्ध झाले.

विषबाधेचा धडा

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीत बुरशीजन्य विष आढळले. तेच अफ्लाटॉक्सिन होय. तेल काढताना हे विष बहुतांशी पेंडीतच राहते. त्यामुळे पेंडीची शुद्धता कारखान्यापेक्षा शेंगांची वाळवणी, दाण्यांची निवड व साठवण यांवर अधिक अवलंबून असते, हे स्पष्ट झाले.

पोषणविषयक वाद

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी प्रथिनांच्या तुटवड्याच्या सिद्धान्तालाच आव्हान दिले. पोटभर अन्न नसेल तर शरीर प्रथिनेही ऊर्जेसाठी खर्च करते. म्हणून गरिबांची मूळ उणीव उष्मांकांची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनीही ‘लॅन्सेट’मधून प्रथिनकेंद्री धोरणावर कठोर टीका केली.

निष्कर्ष

१९९१ मध्ये जपानने आरोग्यलक्षी अन्नपदार्थांना शासकीय मान्यतेची चौकट दिली. पेंडीतील प्रथिने व शेंगदाण्याच्या टरफलाखालील लाल सालीतील पॉलिफेनॉल यांकडे आता ‘कार्यात्मक अन्नघटक’ म्हणून पाहिले जाते. म्हैसूरच्या प्रयोगांचा हेतू मात्र अल्प खर्चात कुपोषितांचे पोषण हा होता. उपपदार्थाचे मूल्यवर्धन करताना तो निर्विष आहे काय आणि तो कोणाच्या ताटात पोहोचणार, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेतील यशाइतकीच महत्त्वाची ठरतात, हेच या इतिहासातून दिसून येते.