जुनी गाडी तापते: दोष नेमका कुठे?

अ‍ॅम्बेसेडरसारखी जुनी गाडी तापू लागली की बहुतेक जण आधी रेडिएटर खोलायला लावतात. त्याआधी गाडी केव्हा तापते, हे पाहावे. निम्मे निदान तिथेच होते.

पहिली शंका काट्यावरच घ्यावी. इंजिन थंड असताना किल्ली फिरवताच काटा लाल भागात जाऊन बसला, तर दोष वायरचा किंवा सेन्सरचा असतो.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवळते? मग रेडिएटरला हवा कमी पडते आहे. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात पंखा आणि वॉटर पंप एकाच पुलीवर असतात, आणि त्याच पट्ट्यावर डायनामोही फिरतो. त्यामुळे पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवाही लागतो. नुसता सैल असेल तर दिवा गप्प राहू शकतो. पट्टा हाताने दाबून पाहावा, अर्थात इंजिन बंद करून. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेत का, तेही बघावे.

उलट, घाटात किंवा वेगात तापत असेल तर पाणी पुरेसे फिरत नाही. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. जुना, मऊ पडलेला खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने आत चिमटतो, हे पटकन लक्षात येत नाही. इग्निशन टायमिंग मागे पडले तरी इंजिन तापते, मग रेडिएटर कितीही धुवा.

इंजिन तापूनही वरचा होज पाइप गारच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकला आहे. तो काढून फेकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण ती चांगली नाही: इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते, झीजही वाढते. नवा बसवावा.

गळती दिसत नाही तरी पाणी कमी होते, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो. ही लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय घ्यावा आणि गाडी चालवू नये, टो करून न्यावी.

गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वरही उकळलेले नसते. दाब सुटताच ते वाफेसह तोंडावर उसळते. अर्धा तास तरी थांबा, आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.