स्वारगेटचा नाका आणि मराठी चित्रपट

पुण्याच्या दक्षिणेस स्वारगेट म्हणून जो नाका आहे, तेथें सातारा, कोल्हापूर, सोलापूर या बाजूंच्या एस. टी. गाड्या येऊन थांबतात. गांवाकडून आलेल्या कित्येक तरुणांस शहराचें पहिलें दर्शन येथेंच घडतें. मराठी चित्रपटाचा इतिहास चाळतांना आम्हांस हा नाका वारंवार आठवतो. कारण या कलेस लाभलेलीं कांहीं मोठीं माणसें याच बाजूंचीं आहेत.

कोल्हापुरांत १९२९ मध्यें स्थापन झालेली ‘प्रभात’ कंपनी १९३३ मध्यें पुण्यास आली. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं गौरव झाला. परंतु प्रभातचें बळ केवळ गुणांत नव्हतें. स्टुडिओ तिचा, कारागीर तिचे, आणि पुण्यांत चित्रपट लावावयास चित्रगृहही तिच्या हातीं होतें.

आजच्या दिग्दर्शकांस गुणांची वाण नाहीं. करमाळा तालुक्यांतील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनीं ‘फँड्री’ (२०१३) काढला. प्रभातच्याच जागेंत १९६० सालीं उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ २०१४ मध्यें बर्लिनला बक्षीसपात्र ठरला. त्याच वर्षीं, ‘तुकारामा’नंतर ७७ वर्षांनीं, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नें व्हेनिस गाजविलें. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’स २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवाचें परीक्षक-मंडळाचें मोठें पारितोषिक मिळालें.

मग उणें कशाचें? बर्गमनच्या स्वीडननें १९६३ सालीं करमणूक-कर काढून टाकला, आणि त्याऐवजीं तिकिटांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा नव्या चित्रसंस्थेकडे वळवून चांगल्या चित्रपटांस साह्य केलें. म्हणजे प्रेक्षकाचा पैसा फिरून कलावंताच्याच हातीं पडूं लागला. आपल्याकडे सरकारी अनुदान आहे, शिक्षणसंस्थाही आहे. परंतु परदेशांत वाखाणलेल्या मराठी चित्रपटास स्वगृहीं अनेकदा दुपारचा एखादा अडनिडा खेळ मिळतो, आणि आठवडाभरांत तोही जातो. ‘सैराट’ला (२०१६) लोटलेली गर्दी पाहतां मराठी प्रेक्षकच उरला नाहीं, असें मात्र म्हणवत नाहीं.

प्रभातजवळ चित्रगृह होतें. आजच्या तरुणाजवळ तें नाहीं. त्याची उणीव भरून काढणें आपल्याच हातीं आहे. परदेशच्या बक्षिसाची वार्ता वाचून अभिमान मिरविणें सोपें; पहिल्याच आठवड्यांत घरच्या मंडळींसह तिकीट काढणें थोडें कष्टाचें. परंतु स्वारगेटला उतरणाऱ्या उद्याच्या दिग्दर्शकाचें भवितव्य त्या तिकिटावरच अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें.