काचेमागचे पिल्लू आणि नगरपालिकेचा हात

दुकानाच्या काचेमागे ठेवलेले कुत्र्याचे पिल्लू कोठून आले, हे गिऱ्हाइकाने विचारावे आणि दुकानदाराने त्याचे खरे उत्तर द्यावे, एवढी साधी गोष्ट कायद्याने घडवून आणण्यास अमेरिकेसारख्या देशाला अर्धशतकाहून अधिक काळ झगडावे लागले. आणि ती पुरती घडली असे आजही म्हणवत नाही. या कामी पुढाकार घेतला तो तेथील नगरपालिकांनी. आयुष्याची उमेदीची वर्षे परवाने, उपविधी आणि तपासणीच्या नस्त्यांत घालवलेल्या आमच्यासारख्यांना हा इतिहास विशेष उद्बोधक वाटतो.

मूळ कायदा दुकानांसाठी झालाच नव्हता. १९६५ साली पेनसिल्व्हेनियातील एका कुटुंबाची पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री चोरीस गेली आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील प्रयोगात ती मेल्याचे पुढे उघडकीस आले. फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांच्या आवारांची छायाचित्रे छापली तेव्हा देशभर संताप उसळला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सन यांनी प्रयोगशाळांतील प्राण्यांविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १९७० साली त्याची व्याप्ती वाढली आणि घाऊक विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांवर कृषी खात्याची देखरेख आली. किरकोळ दुकाने मात्र वगळली गेली. तेथे गिऱ्हाईक प्राणी स्वतः पाहूनच घेते, मग सरकारी तपासनीस कशाला, अशी त्यामागची धारणा होती. गिऱ्हाइकास पिल्लू दिसते, पण पिल्लाची आई शेकडो मैलांवर मिसूरीतील एखाद्या शेडमध्ये असते, ही गोष्ट त्या धारणेत बसत नव्हती.

त्या परवान्याने आईला काय मिळत होते? नियमात पिंजऱ्याचे माप दिले आहे. कुत्र्याच्या लांबीत सहा इंच मिळवावेत, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करावा, तेवढी चौरस इंच जमीन पुरेशी. डोक्यावर आणखी सहा इंच मोकळे असले म्हणजे उंचीही भरली. मादीने किती वेळा व्यावे यास त्या कायद्यात मर्यादा नाही. दर माजावर तिची वीण घेतली तरी नियमभंग होत नाही. कागदोपत्री निर्दोष असलेल्या अशा जागांनाच तिकडे लोक ‘पपी मिल’, म्हणजे पिल्लांचा कारखाना, म्हणू लागले. परवानाधारक पैदासकारांची संख्या सर्वांत मोठी असलेल्या मिसूरीत नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने पैदाशीच्या कुत्र्यांची संख्या पन्नासवर आणणारा कायदा संमत केला. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने ती मर्यादा काढून टाकली.

शहरांपुढील पेच येथून सुरू होतो. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क नगरपालिकेचा तपासनीस मिसूरीतील शेडमध्ये पाय ठेवू शकत नाही. आपल्या बाजारपेठेतील दुकानात मात्र तो केव्हाही जाऊ शकतो. २००६ साली त्या शहराने पाळीव प्राण्यांची दुकानातील विक्रीच बंद केली. २०१० मध्ये वेस्ट हॉलिवूडने व २०१२ मध्ये लॉस एंजेलिसने तोच मार्ग धरला. दुकानात कुत्री ठेवायचीच असतील तर ती सरकारी कोंडवाड्यातून, निवारागृहातून किंवा बचाव संस्थेकडून आणलेली असावीत, असा या उपविधींचा सर्वसाधारण आशय होता. पैदास चांगली की वाईट हे ठरवण्याच्या भानगडीत शहरे पडलीच नाहीत. प्रशासकीय दृष्टीने आम्हांस यात मोठी हुशारी दिसते. कारण दूरच्या पिंजऱ्याची गुणवत्ता मोजण्यापेक्षा समोरच्या दुकानातील प्राण्याची पावती तपासणे कितीतरी सोपे.

दुकानदार अर्थातच न्यायालयात गेले. परराज्यांतील पैदासकारांवर यामुळे अन्याय होतो आणि राज्याराज्यांतील व्यापारात ढवळाढवळ करण्याचा शहरास अधिकार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. फीनिक्स शहराचा उपविधी संघीय न्यायालयाने २०१५ साली वैध ठरवला. शिकागोने २०१४ साली केलेला उपविधीही २०१७ मध्ये अपील न्यायालयात टिकला. बंदी स्वराज्यातील व परराज्यातील पैदासकारांस सारखीच लागू आहे, तेव्हा भेदभाव कोठे आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. परंतु न्यायालयात जिंकलेले फीनिक्स २०१६ साली स्वतःच्याच राज्याच्या विधिमंडळात हरले. परवानाधारक पैदासकारांकडून पिल्ले घेणाऱ्या दुकानांवर शहरांनी बंदी घालू नये, असा कायदा ॲरिझोनाने केला आणि शहराचा उपविधी निष्प्रभ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ओहायोनेही तेच केले. स्थानिक संस्थेने एखादे पाऊल टाकावे आणि वरून एका कलमाने ते पुसले जावे, याचा अनुभव आमच्या सेवाकाळातील कोणाही मुख्याधिकाऱ्यास नवा वाटणार नाही.

उलट दिशेनेही राज्ये वळली. कॅलिफोर्नियाने शहरांचाच नियम राज्यभर केला व १ जानेवारी २०१९ पासून अमलात आणला. तेवढ्यात व्यापाऱ्यांनी पळवाट शोधली: कारखान्यातीलच पिल्ले एखाद्या नामधारी बचाव संस्थेच्या नावे फिरवून दुकानात आणायची. ती बुजवण्यासाठी कॅलिफोर्नियाला पुन्हा कायदा करावा लागला, तर शिकागोला २०२१ मध्ये उपविधी दुरुस्त करावा लागला. न्यूयॉर्क राज्याने २०२२ साली केलेली बंदी डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाली.

इंग्लंडने ६ एप्रिल २०२० पासून वेगळी रीत स्वीकारली. सहा महिन्यांखालील पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने व्यापारासाठी विकायचे नाही. पैदास करणाऱ्यानेच विकायचे आणि गिऱ्हाइकास पिल्लू आईसह दाखवायचे. वेल्समधील एका पैदास केंद्रातून सोडवलेल्या लूसी नावाच्या कुत्रीवरून हा नियम ओळखला जातो. आमच्या सीमाभागातील वाचकांस आई दाखवण्याच्या अटीचे नवल वाटू नये. बागलकोट जिल्ह्यात, घोरपडे सरकारांच्या मुधोळच्या आसपास, आजही अनेक कुटुंबे तेथील नामांकित शिकारी कुत्री घरीच वाढवून पिल्ले विकतात, आणि तेथे आई अंगणातच बसलेली असते.

आपल्या देशाने दुकान बंद न करता परवाना देण्याचा मार्ग निवडला. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांच्या दुकानांवर नियंत्रणाची गरज मांडली. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे व २०१८ साली दुकानांचे नियम निघाले. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, अठरा महिन्यांपूर्वी मादीची वीण घेऊ नये आणि आयुष्यात तिची पाचांपेक्षा अधिक वेते होऊ देऊ नयेत, ही बंधने अमेरिकेच्या मूळ कायद्यापेक्षा खचितच कडक आहेत. अडचण निराळीच आहे. नोंदणी राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे. अर्जाचे शुल्क पाच हजार रुपये. पण ज्या कायद्याखाली हे नियम झाले त्याच्या कलम ३८ मध्ये नियमभंगाचा कमाल दंड शंभर रुपये ठेवला आहे! तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे खरी, पण साठच्या दशकातील तो शंभराचा आकडा पाहून नोंदणीसाठी पाच हजार भरण्याची घाई कोणता दुकानदार करील?

तरीही २०१८ च्या नियमांत एक गोष्ट आहे, जिच्यासाठी तपासनिसाची वाट पाहावी लागत नाही. प्राणी कोणाकडून घेतला याची नोंद दुकानदाराने ठेवायची आहे. घरी नातवंडांच्या हट्टापायी पिल्लू आणण्याचा बेत ठरत असेल, तर दुकानात शिरताच ती नोंदवही पुढे ठेवण्यास सांगावे.