निजामाच्या राज्यातली ताऱ्यांची मोजणी

१९४८पर्यंत मराठवाड्यातलं जळकोट निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि या संस्थानाची स्वतःची वेधशाळा होती. नवाब जफर जंग यांनी १९०१मध्ये सुरू केलेली निजामिया वेधशाळा १९०८मध्ये सरकारकडे आली.

सगळ्या आकाशाची छायाचित्रं घेण्याचं काम देशोदेशींच्या वेधशाळांनी वाटून घ्यायचं, असं १८८७ साली पॅरिसमध्ये ठरलं होतं. चिलीतल्या सांतियागोच्या वाट्याचा उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा अखेर हैदराबादने उचलला. हस्त नक्षत्राचे काही तारे याच पट्ट्यात येतात. त्याच हस्ताच्या पावसाकडे मराठवाड्यातला शेतकरी रब्बीसाठी डोळे लावून बसतो. काचेच्या प्लेटवरचा एकेक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, हे काम विलक्षण चिकाटीचं. १९१८मध्ये टी. पी. भास्करन यांनी वेधशाळेची सूत्रं घेतली आणि लाखो ताऱ्यांच्या नोंदी खंडामागून खंडांत छापल्या गेल्या.

या नोंदींचं मोल फार उशिरा कळलं. हिप्पार्कस उपग्रहाच्या वेधांशी ही जुनी स्थानं ताडली, तेव्हा तारे किती सरकले ते काढता आलं. २०००मधल्या टायको-२ या सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या सूचीत हैदराबादची मोजणीही आहे. ती सूची आज जगभरच्या शोधनिबंधांत उद्धृत होते. भास्करन यांचं नाव तिथे दिसत नाही, आणि ते दिसायला हवं.