सावित्रीच्या खोऱ्यातील कापड आणि धूर

सावित्री नदीच्या खोऱ्यात महाडजवळ गांधारपाले येथे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत कोरलेली बौद्ध लेणी ज्या मुलखात आहेत, तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आणि भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम, डासांच्या ऐन हंगामात येतो. चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, कशासाठी वापरावे हे सांगताना पाली परंपरेने थंडी-उन्हाबरोबर डास आणि गोमाश्या यांचाही उल्लेख केला, आणि विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ‘मकसकुटिका’, म्हणजे डासांपासून आडोसा देणारी कापडी झोपडी, वापरण्यास अनुज्ञा दिली.

सुश्रुतसंहितेने डासांचे पाच प्रकार सांगून त्यांपैकी ‘पार्वतीय’ डासाचा दंश प्राणघातक कीटकांच्या दंशासारखा मानला, हे निरीक्षण विलक्षण म्हटले पाहिजे. कारण हिवतापाशी डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली दाखविला, आणि हिवताप पसरविणारा अनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस हा डास डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या ओढ्यांत वाढतो. रानातून आलेला माणूस तापाने फणफणला की लोक मात्र ‘पाणी लागले’ एवढेच म्हणत.

महाड-पोलादपूरच्या डोंगरांतील गवळी धनगरांचे आणि कोळशाच्या भट्टीसाठी महिनोन्महिने रानात मुक्काम करणाऱ्या कातकऱ्यांचे खरे संरक्षण होते ते धुराचे. तिन्हीसांजेला गोठ्याच्या तोंडाशी, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस, पेटलेल्या शेणीवर निरगुडीचा ओला पाला टाकतात. जाळ उठू द्यायचा नाही, कारण जाळ झाला की धूर संपतो, म्हणून पाला थोडा थोडा, दबवून घालावा लागतो. माणसाच्या डोळ्यांना झोंबणाऱ्या त्या धुरात गुरे मात्र निवांत रवंथ करतात. 

1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तथापि त्यात डीडीटी हे कीटकनाशक फवारायचे ते घराच्या भिंतींवर, त्यामुळे भट्टीशेजारी उघड्यावर निजणाऱ्याच्या अंगावरचा डास त्याने हटणे शक्यच नव्हते, आणि ज्याला त्याची गरज सर्वाधिक होती तोच त्यातून सुटला. अंगाला लावण्याचे डीट हे रसायन अमेरिकी लष्करासाठी 1940च्या दशकात तयार झाले. आज ते मलमाच्या रूपात चंद्रगड, मंगळगडाच्या वाटेवर पदभ्रमण करणाऱ्यांच्या पिशवीत असते. मुक्कामाला ते जो जाळीदार तंबू उभारतात, तो मकसकुटिकेचाच वंशज होय.