गोव्याची सरहद्द आणि मुंबईची वाट

गोव्याच्या जुन्या शिरगणतीची कोष्टके चाळताना एका आकड्यापाशी थांबावे लागते. १९५० साली तेथे दर हजार पुरुषांमागे १,१२८ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी पुरुषांचीच संख्या अधिक भरत असता येथे हे उलटे प्रमाण का? गोव्यात मुली अधिक जन्मत होत्या असे नव्हे. पुरुष गावात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. १९०० साली ४,७५,५१३ असलेली लोकसंख्या १९६० साली ५,८९,९९७ झाली होती. म्हणजे साठ वर्षांत सव्वा लाखाचीदेखील भर पडली नाही.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची कहाणी काहीशी अशीच आहे. तेथील चाकरमानीही मुंबईच्या गिरण्यांत गेला आणि घरी बायकामाणसे राहिली. पण तो एकाच राजवटीत वावरत होता. गोमंतकीय मनुष्य मुंबईस निघाला की पोर्तुगालची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात शिरत असे. कुळ्याला पोर्तुगीजांची चौकी आणि घाट चढून गेल्यावर कॅसलरॉकला दुसऱ्या सरकारची. भाषा तीच, माती तीच, नातीगोतीही दोन्हीकडे पसरलेली. परंतु नाणे वेगळे, कायदा वेगळा.

या स्थलांतराचा आरंभ शोधू गेल्यास आपण नेपोलियनच्या काळात येऊन पोहोचतो. १७९९ पासून काही वर्षे इंग्रजांच्या फौजेचा तळ गोव्यात होता. साहेबाच्या घरी स्वयंपाक करणारा, त्याच्या पंगतीला वाढणारा, त्याच्या बँडमध्ये वाजवणारा मनुष्य त्यांना येथे मिळाला. साष्टी, बारदेश व तिसवाडी या जुन्या काबिजादीतील ख्रिस्ती मनुष्याला गोमांस, डुकराचे मांस किंवा मद्य यांना हात लावण्यात धर्माची आडकाठी नव्हती, आणि हेच त्याचे भांडवल ठरले. शिवाय चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य संगीताची लिपी वाचता येई. याच विद्येच्या जोरावर पुढे मुंबईच्या सिनेमासृष्टीतील वाद्यवृंद गोमंतकीयांनी भरून गेले. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक व वाद्यवृंद-रचनाकार तेथे नावारूपाला आले, ही त्या जुन्या शाळांची दूरची फलश्रुती होय.

पण मागणी असली म्हणून कोणी घर सोडत नाही. घरातून ढकलणारेही काहीतरी असावे लागते. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला स्वतःची अशी हातभर जमीन नव्हती. त्यातच १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत एक तह झाला. गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले व पोर्तुगीज सरकारला त्यापोटी वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. हा पैसा मुरगाव बंदरापासून घाटावर जाणाऱ्या रेल्वेच्या हमीकडे वळला. मिठागरांवर पोट असणाऱ्यांचा रोजगार गेला, आणि १८८८ च्या सुमारास गाडी सुरू झाली. ज्या तहाने माणसाला बेकार केले त्यानेच त्याला बाहेर जाण्यासाठी वाहन पुरवावे, यात कोणाची योजना होती असे मी म्हणत नाही. पण १८९२ साली तह संपला, तरी मुंबईची वाट काही मोडली नाही.

मुंबईत या माणसाला आधार दिला तो कुडाने. कोकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. धोबीतलाव, माझगाव, गिरगावातील कावेल या भागांत एकेका गावाच्या नावाने असे कूड निघाले, त्यांना ‘क्लब’ असेही म्हणत. मासिक वर्गणी थोडी. प्रत्येकाची पेटी भिंतीशी ओळीने लावलेली, रात्री त्या पेट्यांमधील जागेत अंथरूण. वेदीसमोर सायंकाळची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावयाची, गावच्या संताचा सण मुंबईतच साजरा करावयाचा. काम सुटले, आजार आला, की गाववालेच एकमेकांना सांभाळीत. हे चित्र फार गोड करून सांगू नये. गावातील जातिभेदही पेटीबरोबर मुंबईला आला आणि काही कुडांच्या दारांवर तो उभा राहिला. परंतु कोणत्याही सरकारने न उभारलेली ही सोय शेकडो संख्येने वाढली, ही गोष्ट शासनात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कुडात राहणाऱ्यांत तारवटी पुष्कळ. तारवटी म्हणजे जहाजावरचा खलाशी. पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर डेकवरील कामाला कोकणी व गुजराती मंडळी असत, तर स्वयंपाकघर व भोजनगृह गोमंतकीयांकडे असे. त्याच जहाजावरील गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार कितीतरी कमी होता. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत कुडातील पेटी हाच त्याचा पत्ता. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवर हीही माणसे होती.

शहराने त्यांना केवळ मजुरीच दिली असे नाही. आज गोव्याची म्हणून ओळखली जाणारी तियात्र ही नाट्यकला प्रथम रंगभूमीवर आली ती मुंबईत, १७ एप्रिल १८९२ रोजी. पोर्तुगीज अंमलात जे छापणे कठीण होते ते मुंबईत छापता येई. नव्या काबिजादीतील हिंदू मंडळींनी १९१९ साली गोवा हिंदू असोसिएशन काढली तीही येथेच. गोव्याच्या मुक्तीची चळवळ बऱ्याच अंशी या शहराच्या आश्रयाने वाढली.

आणि गावाकडे? मनिऑर्डर येई. तिच्यावर कौले चढत, मुलींची लग्ने होत, चर्चचे सण थाटात पार पडत. गोव्याला तांदूळ पुरत नसे. तो बाहेरून आणावा लागे, आणि निर्यातीपेक्षा आयात कितीतरी जास्त असे. ही तूट भरून निघे ती परदेशी राबणाऱ्यांच्या पैशाने. त्यामुळे लिस्बनच्या राज्यकर्त्यांना शेती सुधारण्याची वा उद्योग काढण्याची निकड कधी भासलीच नाही. खनिजाची निर्यात वाढली ती १९५० नंतरच्या दशकात. तोवर माणूस हीच या मुलखाची प्रमुख निर्यात होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशा घरांवर १९५५ साल आले. १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. भारताने संबंध तोडले, आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. कालपर्यंत केवळ जकातीपुरती जाणवणारी सरहद्द आता कुडातील माणूस आणि त्याची बायको यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. या उपायामागील संताप न्याय्य होता, याविषयी मला शंका नाही. तथापि त्याची झळ सालाझारला किती लागली आणि साष्टीतील एखाद्या मुंडकारिणीला किती, हा हिशेब मांडताना आपला इतिहास काहीसा संकोचतो. शिवाय पोर्तुगीज सरकारला त्याच सुमारास खनिजाचा पैसा मिळू लागला होता. तिला तोही मिळत नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी ती सरहद्द पुसली गेली. लगेच प्रवाह उलटा वाहू लागला. बांधकामे, खाणी, कचेऱ्या यांसाठी महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसे आली. १९७१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ७,९५,१२० झाली, म्हणजे अकरा वर्षांत दोन लाखांची वाढ, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया उरल्या ९८१. गोमंतकीय मात्र बाहेर जातच राहिला. आता तो आखाती देशांत जाऊ लागला.

त्या पुसलेल्या सरहद्दीचे कागद अजून चालतात. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व देतो. आजोबाच्या जन्माची नोंद लिस्बनला लावून, भारताचे नागरिकत्व सोडून, हजारो तरुण इंग्लंडात कामाला गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२० च्या अखेरीस, नव्याने जाणाऱ्यांना ती वाटही बंद झाली. धोबीतलावातील काही कूड मात्र अद्याप उघडे आहेत, आणि भिंतीशी पेट्या आहेत.