शिंगणापूर, शिखर

शंभुमहादेवाचे प्रसिद्ध क्षेत्र व त्याभोवती वसलेले डोंगरगाव. तालुका माण, जिल्हा सातारा. दहिवडीच्या ईशान्येस सुमारे १३ मैल, फलटणपासून ३७ किमी., नातेपुत्यापासून सुमारे २० किमी. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर ते निराळे. सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे पसरत गेलेल्या ज्या रांगेस शंभुमहादेवाचे डोंगर म्हणतात, तिचे नाव याच दैवतावरून पडले. मुलकी दप्तरात गाव साताऱ्याकडे असले, तरी सोलापूरच्या स्थलवर्णनातून ते वगळता येत नाही. कारण डोंगराखालचा माळशिरस तालुका हा १८७५ पर्यंत साताऱ्याचाच भाग होता, आणि तो सोलापुरास जोडला गेल्याने महसुलाची हद्द सरकली तरी यात्रेकरूंची पायवाट जिथल्या तिथेच राहिली.

गाव देवगिरीच्या सिंघण यादवाने (तेराव्या शतकाचा पूर्वार्ध) वसविले व त्याच्याच नावावरून शिंगणापूर हे नाव रूढ झाले, अशी परंपरा आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ (२००१) या ग्रंथात क्षेत्राच्या इतिहासाचा धागा कर्नाटकातील सोरटूरहून आलेल्या बळिप नामक पुरुषाशी जोडून, त्यावरून भोसले घराण्याचे मूळ दक्षिणेत शोधले आहे. या घराण्याचे शंभुमहादेव हे कुलदैवत. शहाजीराजांचे पिता मालोजी यांनी येथे तलाव बांधविला, ही शिंगणापूरच्या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना समजली पाहिजे. पर्जन्यछायेतील या उंच व उघड्या माथ्यावर चैत्राच्या उन्हात हजारो माणसे जमावीत आणि त्यांना घोटभर पाणी मिळू नये, ही विवंचना ओळखून वेरूळच्या पाटिलकीतून वर आलेल्या त्या सरदाराने आपले द्रव्य गढीकोटांऐवजी दगडी बांधाच्या या जलाशयात घातले. तो आज पुष्कर तलाव या नावाने ओळखला जातो. वेरूळ येथे सापडलेल्या गुप्तधनातून हा खर्च झाला, अशी आख्यायिका आहे. शहाजी, शिवाजी व संभाजी यांची स्मारके गावात असून, राजघराण्याच्या श्रद्धेची ती साक्ष म्हणून आवर्जून पाहण्यासारखी आहेत.

मंदिर डोंगराच्या शिखरावर, तटबंदीच्या आवारात आहे. पायऱ्यांच्या वाटेवर दगडी कमानींचे दरवाजे लागतात; त्यांपैकी एकास शेंडगे दरवाजा व दुसऱ्यास जिजाऊ दरवाजा म्हणतात. मंडपाचे कोरीव स्तंभ जुन्या हेमाडपंती धाटणीचे असून समोर नंदी व उंच दीपमाळा आहेत. गर्भगृहात एका शेजारी एक अशी दोन लिंगे आहेत व ती शिव-शक्तीची मानतात. शिखराचे अलीकडचे काम दाक्षिणात्य पद्धतीचे, रंगीत मूर्तींचे आहे; खालच्या काळ्या दगडाच्या गांभीर्याशी ते जुळत नाही. जवळच बळीचे (अमृतेश्वराचे) मंदिर आहे, आणि गावाबाहेर दरीत गुप्तलिंग हे झऱ्याचे शांत स्थान.

मुख्य यात्रा चैत्रात भरते. शुद्ध अष्टमीस शिवपार्वतींचा विवाह होतो. त्या दिवशी शंभुमहादेवाच्या कळसापासून बळीच्या कळसापर्यंत अखंड लांब वस्त्राचा ध्वज ताणून बांधतात. द्वादशीस कावडी येतात. आडव्या दांड्याच्या दोन टोकांना पाण्याचे मोठे तांब्याचे हंडे, वर निशाणे, असे हे अवजड ओझे गावोगावचे भक्त कित्येक मुक्काम पायी वाहून आणतात. सासवडच्या भुतोजी तेली यांची कावड मानाची. ती सर्वांच्या शेवटी चढते. कोथळे (ता. माळशिरस) गावाकडून वर येणारा मुंगी घाट ही चढण अशी उभी आहे की, माणसांना हातांनी दगड धरून वर सरकावे लागते. तेथे घाटभर माणसांची साखळी उभी राहते, कावड हातोहात वर सरकते, आणि दम तुटू लागला म्हणजे “म्हाद्या, धाव रं!” अशी आर्त हाक उठते. देवाला एकेरीत, पोटच्या लेकरासारखी घातलेली ही हाक ऐकल्यावाचून शिंगणापूर पाहिले असे म्हणता येणार नाही. पाणी नसलेल्या डोंगरावरील देवास दूरच्या नद्यांचे पाणी खांद्यावरून नेऊन घालावयाचे, हाच या साऱ्या खटाटोपाचा अर्थ. त्याच रात्री या पाण्याने अभिषेक होतो.

सोलापुराहून पहाटे निघाल्यास पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, नातेपुते या क्रमाने जाऊन एका दिवसात क्षेत्र पाहून परतता येते. वाटाड्याची गरज नाही. पंढरपूर ते नातेपुते हा मार्ग म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पालखीचीच वाट, येथे उलट दिशेने चालावयाची. वेळापुरास अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर व रामचंद्रदेवाच्या कारकीर्दीतील शिलालेख असल्याने तेथे तासभर थांबणे योग्य. नातेपुत्याहून मोटाररस्ता थेट गावापर्यंत गेला आहे. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी मात्र कोथळ्याकडून मुंगी घाटाने चढावे आणि उन्हे तापण्यापूर्वी माथा गाठावा; परतताना ती वाट धरू नये, उतार चढणीहून अवघड आहे. तलाव दर्शनानंतर सावकाश पाहावा. माणगंगा नदी शंभुमहादेवाच्या याच डोंगररांगेत उगम पावते व सांगोल्यावरून जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेस मिळते.

बाजरी, ज्वारी ही पिके, मेंढपाळी. यात्रेच्या दुकानदारीवर बऱ्याच कुटुंबांची उपजीविका चालते.